आईची खोली कोणत्या बाजूला

आलापल्लीचं घर सोडलं त्या सकाळी आईनं सगळ्यात आधी सपरी झाडली. सपरी म्हणजे आमच्याकडे घराची पुढची पडवी. गाडी दारात उभी, ड्रायव्हर घड्याळ बघतोय आणि ही बाई कंबरेला पदर खोचून कोपरे झाडतेय. मी वैतागून म्हटलं, "अवो आई, घर इकलं आता. झाडून काऊन राह्यली?"

"मंग दुसऱ्याच्या हातात देताना खरकटं द्याचं काय?" म्हणाली, आणि झाडू भिंतीला टेकवून उभा ठेवला. तो झाडूसुद्धा तिनं घराबरोबरच देऊन टाकला.

घर घेणारे सिमेंटवाले शेठ आले. तिनं किल्ली दिली आणि त्यांना समजावून सांगितलं, "उजव्या कोपऱ्यातलं कवेलू सरकते, पावसाच्या आधी पाहून घेजा. अन् मांगच्या दाराची कडी वर उचलून लावा लागते, नाई त दार उघडते." शेठ भला माणूस, मान हलवत ऐकत राहिला. छपरावरचे कवेलू, म्हणजे कौलं, काढून टिनाचे पत्रे टाकायचे आणि घराचं गोदाम करायचं, हे त्यानं मला आधीच सांगितलं होतं. आईला कुणी सांगितलं नव्हतं.

गाडी निघाली. आलापल्लीचं जंगल संपेपर्यंत ती काचेतून झाडं बघत होती. मग आष्टीच्या पुढे कधीतरी माझ्याकडे वळली आणि अगदी सहज विचारलं, "नंदे, माही खोली कोणत्या बाजूले हाय?"

मी खिडकीबाहेर बघत राहिले. "पोचल्यावर पाह्यजो न," म्हटलं. खोली नव्हतीच. ती माझ्या हातानं गेली होती, आणि हे तिला सांगायची हिंमत मला झाली नव्हती.

तुम्ही जे तिकडेच राहिलात आणि तुम्ही जे माझ्यासारखे पुण्याला, हैदराबादला येऊन पडलात, त्या सगळ्यांसाठी हे लिहितेय. मी तोंडानं फटकळ आहे हे तिकडे सगळ्यांना माहीत आहे. दुसऱ्याच्या चुका मी चारचौघांत सांगते. आज स्वतःची सांगते.

माझे बाबा आलापल्लीला लाकडाच्या डेपोवर मोजणीचं काम करायचे. जंगलातून सागवान आलं की त्याची लांबी आणि गोलाई मोजायची, नंबर टाकायचा, आणि पास झालेल्या लाकडाच्या टोकावर हातोड्यानं ठसा मारला जायचा. तो ठसा असला की लाकूड रीतसर, सरकारी भरणा करून घेतलेलं. नसला की त्याच्याकडे सगळे संशयानं बघणार. आमच्या भागात सागवानाच्या दोनच जाती: ठशाचं आणि बिनठशाचं.

डेपोवरच्या माणसाच्या घरात सागवान दिसलं की लोक काय म्हणतात, ते बाबांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून ते सरकारी लिलावात उभे राहून, पैसे भरून, पावती घेऊन लाकूड आणायचे. एका वर्षी एक ओंडका, फार तर दोन. मधे दोन-तीन वर्षं काहीच नाही. घर उभं राहायला अकरा वर्षं लागली. मी पहिलीत होते तेव्हा पाया भरला आणि बारावीत गेले तेव्हा छप्पर चढलं. आठ मयाल होते. मयाल म्हणजे छपराचा भार पेलणारी जाड आडवी तुळई. त्या आठही मयालांची टोकं बाबांनी भिंतीच्या बाहेर हातभर काढून ठेवली, ठसे रस्त्याकडे तोंड करून. सुताराला बजावलं होतं, टोकाला रंधा लावायचा नाही.

दिसायला ते ओबडधोबडच दिसायचं. एवढं गुळगुळीत घर आणि छपराखालून आठ खडबडीत बुंधे बाहेर आलेले. मी कॉलेजात असताना एकदा म्हटलं, "बाबा, हे टोकं कसे भद्दे दिसते." तर म्हणाले, "दिसू दे. रस्त्यानं जानाऱ्याले दिसले पायजे." दर दिवाळीला आई भिंतींना चुना द्यायची आणि टोकं कोरड्या फडक्यानं पुसायची. चुन्याचा एक थेंब ठशावर पडू द्यायची नाही.

लग्न होऊन मी पुण्याला आले. प्रशांत, माझा नवरा, मूळचा चंद्रपूरचा, चाकणला कंपनीत. मी एका दवाखान्यात बिलिंगच्या काउंटरवर. नऊ वर्षांत आम्ही पाच भाड्याची घरं बदलली. दर अकरा महिन्यांनी नवा करार, नवं डिपॉझिट, आणि दर वेळी मालकाचा तोच प्रश्न, "नॉनव्हेज करता का?" बाबा एकदा राहायला आले होते. कॅलेंडर लावायला खिळा ठोकायचा तर मी मालकाला फोन करतेय, हे बघून त्यांचा चेहराच पडला. जाताना बसस्टँडवर म्हणाले, "एका खिळ्याची तरी जागा आपली पायजे, बाई." पुढच्याच वर्षी ते गेले.

आई तिकडे एकटी राहिली. दोन वर्षं राहिली. मग एका पावसाळ्यात अंगणात पाय घसरून पडली आणि शेजारच्यांनी उचलेपर्यंत तशीच चिखलात पडून होती. मी धावत गेले. खाटेवर पडल्या पडल्या तीच म्हणाली, "नंदे, इकून टाक घर. मी येतो तुह्यापाशी. पन मले एक खोली पायजे. मोठी नको. दार लोटलं का आतमंदी माहं, एवढीच."

आयुष्यात तिनं माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट. माझी आई बांगड्या घ्यायला गेली तरी दुकानदाराला विचारायची, तुमच्याकडे कोणत्या पडून आहेत.

मग आम्ही फ्लॅट बघायला लागलो. मोशीच्या पुढे एक टू बीएचके आवडला. दोन बेडरूम, त्यातली एक पूर्वेची, खिडकीतून कडुनिंब दिसायचा. मी तिथं उभी राहून मनातल्या मनात आईची खाट लावून पाहिली. किंमत पंचेचाळीस लाख. आम्ही दोघं अडाणी आनंदात, की बँक लोन देते, हप्ता भरू. कुणी घर घेणार असाल तर हे नीट ऐका. बँक सगळे पैसे देत नाही. शंभरातले ऐंशी देते, उरलेले वीस आपल्या खिशातून. म्हणजे नऊ लाख झाले. त्याच्या वर स्टँप ड्यूटी, रजिस्ट्रेशन. तेही बँक देत नाही, ते तीन लाखांच्या वर. मग बँकेची प्रोसेसिंग फी, वकिलाचा रिपोर्ट, व्हॅल्युएशनवाल्याची फी, मीटरचे पैसे, पार्किंग, दोन वर्षांचा मेंटेनन्स आगाऊ. प्रशांतनं कागदावर बेरीज केली आणि कागद माझ्याकडे सरकवला. चौदा लाखांच्या आसपास. आमच्याकडे सगळं मोडून पाच होते.

आईला फोनवर सगळं समजावून सांगितलं. ती म्हणाली, "अन् हे कार्पेट एरिया का राहते?"

"जिथं पाय ठेवता येते तेवढी जागा."

"मंग बाकीच्या जागेचे पैसे कायचे घेते?"

मायबाई, त्या सेल्सवाल्या पोराला हे मी विचारलं असतं तर त्याला काय सांगता आलं असतं!

तर उरलेले नऊ लाख आलापल्लीच्या घरातून यायचे होते. इथं दुसरी अडचण. आमचं घर गावठाणातलं, ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर, म्हणजे पंचायतीच्या घरपट्टीच्या नोंदीत. आधी बाबांचं नाव काढून आईचं आणि माझं लावावं लागलं, त्यात तीन महिने गेले. वर अशा घरावर बँक कर्ज देत नाही. म्हणजे घेणाऱ्यानं रोख आणायचे. आलापल्लीत एवढी रोख कुणाकडे असणार? गिऱ्हाईकं दोन-अडीच लाखांच्या वर बोलेनात. मग एका नातेवाइकाच्या ओळखीनं गोंडपिपरीच्या मारोतरावांचा फोन आला. त्यांची धानाची शेती, पोराच्या लग्नाआधी गोंडपिपरीत मोठं घर बांधायचं चाललं होतं. बाबांच्या घराबद्दल त्यांनी ऐकलं होतं. म्हणाले, "डेपोवाल्या बाबूचं घर ना? ठशाचे मयाल हायेत म्हन्ते. मी साडेनऊ देतो. जागा पोराच्या नावानं ठेवीन, घर उतरवून सागवान नेईन."

मयालाचं ते बोलले, पण माझ्या कानात फक्त साडेनऊ शिरलं. फोन ठेवला आणि मी रडले. आनंदानं रडले. आईची खोली झाली होती.

मारोतराव महिन्याभरानं, धान निघाल्यावर येणार होते. मी आठवडाभराची रजा घेऊन आधी गेले. आणि इथं माझा शहाणपणा सुरू झाला. घर विकण्याआधी कसं सजवावं याचे व्हिडिओ मी मोबाइलवर बघितले होते. घर उजळ दिसलं पाहिजे, जुनं काही दिसता कामा नये, गिऱ्हाईकाला पहिल्या नजरेत आवडलं पाहिजे. दवाखान्यात बसून पुण्याच्या फ्लॅटवाल्यांचे व्हिडिओ बघायचे आणि आलापल्लीच्या सागवानाला लावायचे! भिंतींना पिवळा ऑइलपेंट दिला. दारांना पॉलिश केलं. आणि बाबांच्या ओळखीच्या सलीमभाईंना बोलावून सांगितलं, ही आठ टोकं भिंतीलगत छाटून टाका, वरून रंग मारू.

सलीमभाई शिडीवर चढले, टोकाला हात लावला आणि खाली माझ्याकडे बघितलं. "बेटी, निशानी है इसपे. रहने दूं?"

आई ओट्यावर बसली होती. तीही म्हणाली, "राहू दे वो. तुह्या बाबानं कधी हात लावू देला नाई."

मला वाटलं, दोघं जुन्या आठवणीत गुंतले. मी आईच्या जवळ जाऊन, लहान पोरीला समजवावं तशी तिला समजावलं, "आई, बाबा तुह्या मनात हायेत. टोकात नाईत. घर साजरं दिसलं पायजे का नाई?"  आईला लिहिता-वाचता बेताचंच यायचं, मी बी.कॉम. मला वाटलं ती भावनेनं बोलतेय. ती कागदपत्रांबद्दल बोलत होती.

सलीमभाईंनी संध्याकाळपर्यंत आठही टोकं छाटली. थंडीचे दिवस होते. ती आठ टोकं मी पाणी तापवायच्या चुलीपाशी रचून ठेवायला सांगितली आणि आईनं तीन दिवस त्यांच्यावर माझ्या आंघोळीचं पाणी तापवलं. सागवान चांगलं जळतं. पाणी इतकं कढत असायचं की मी दोनदा डोक्यावरून न्हाले.

चौथ्या दिवशी मारोतराव आले, बरोबर एक ट्रकवाला. अंगणात उभे राहून त्यांनी वर बघितलं, डावीकडून उजवीकडे, मग परत उजवीकडून डावीकडे. म्हणाले, "बाई, ठसे कुठी हायेत?"

मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "ते भद्दे दिसत होते, छाटून घेतले."

मारोतराव मटकन ओट्यावर बसले. ट्रकवाला हसला. मग मारोतरावांनी मला सांगितलं ते इतकं साधं होतं, आणि मी त्याच गावात वाढलेली पोरगी! घर उतरवलं की लाकूड दुसऱ्या गावी न्यायला वाहतुकीचा परवाना लागतो. परवान्यासाठी लाकूड रीतसर आहे हे दाखवावं लागतं. मी धावत आत जाऊन बाबांचा पत्र्याचा डबा आणला. आठही पावत्या होत्या, घडीवर विरलेल्या, पण नंबर वाचता येत होते. मारोतरावांनी एकेक हातात घेऊन बघितली आणि सांभाळून परत दिली. "पावत्या खऱ्या हायेत, बाई. पन त्या याच मयालाच्या हायेत, हे आता कोन सांगन?"

ट्रकवाला त्यांना बाजूला घेऊन बोलला, पण आवाज काही त्यानं बारीक केला नाही. "नका घेऊ भाऊ. टोकं छाटलेलं सागवान म्हनजे लोक चोरीचं समजते. नाक्यावर गाडी अडकली त मी मरीन."

आई दारात उभी होती. तिनं ते ऐकलं. अकरा वर्षं एकेक ओंडका पैसे भरून आणणाऱ्या माणसाच्या बायकोनं, त्याच्याच अंगणात, चोरीचं हा शब्द ऐकला. ती आत गेली आणि पाहुण्यांसाठी चहा ठेवला. चहा सगळ्यांना आणून दिला, ट्रकवाल्यालाही.

दुसऱ्या दिवशी मी बाबांच्या हाताखाली काम शिकलेल्या, वनखात्याच्या एका नाकेदारांना जाऊन भेटले. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाले, अर्ज करा, चौकशी होईल, पंचनामा होईल, गावातले चार लोक जबाब देतील, परवाना मिळू शकतो. पण वेळ लागेल, सहा महिने धरून चाला. सहा महिने! फ्लॅट बुक झाला होता आणि बाकीचे पैसे भरायला बिल्डरनं मला पस्तीस दिवस दिले होते. त्यानंतर बुकिंगची रक्कमही जाणार होती आणि बँकेच्या मंजुरीचीही मुदत संपणार होती. जाताना ते नाकेदार हळूच म्हणाले, "तुमचे बाबा आम्हाला शिकवत, ठसा आहे तोवर लाकूड स्वतः बोलते." मला जमीन दुभंगावी असं झालं.

मारोतराव आणखी दहा दिवस थांबले, हे मी सांगितलंच पाहिजे. त्यांनी दुसरीकडे लाकूड पाहिलं नाही, माझ्या फोनची वाट पाहिली. शेवटी मीच त्यांना म्हटलं, "भाऊ, तुम्ही तुमचं पाहा." घर सिमेंटवाल्या शेठनी घेतलं, लाकूड होतं तिथंच ठेवून, चार लाखांत. अहेरीला जाऊन रजिस्ट्री केली. आईनं सही केली, सावकाश, एकेक अक्षर.

चार आणि पाच नऊ. नऊ लाखांत टू बीएचके बसत नव्हता. त्याच बिल्डिंगमध्ये वन बीएचके होता, एकतीस लाखांचा. एक बेडरूम, एक हॉल. प्रशांत म्हणाला, काही वर्षांनी मोठा घेऊ. आईला काय सांगायचं, हे दोघांनाही सुचलं नाही. म्हणून सांगितलंच नाही.

गोंडपिपरीतून गाडी गेली तेव्हा रस्त्याच्या कडेला एका घराचं बांधकाम चाललं होतं. आई काचेला नाक लावून बघत होती. "मारोतरावाचं घर असन काय हे?" म्हणाली. मला माहीत नव्हतं. मी "नाई" म्हटलं.

फ्लॅटचं दार उघडलं. आईनं चपला बाहेर काढल्या, हॉलमध्ये आली, स्वयंपाकघर बघितलं, बेडरूमच्या दारात उभी राहिली. तिथं आमचा डबलबेड आणि तनूचा, माझ्या चार वर्षांच्या पोरीचा, छोटा पलंग. आई पुन्हा हॉलमध्ये आली. एका नजरेत तिला सगळं कळलं, मला दिसलं ते. "साजरं हाय. हवा लगित येते," म्हणाली, आणि आपली पिशवी हॉलच्या कोपऱ्यात ठेवली. जिथं पिशवी ठेवली, तिथंच पुढची सहा वर्षं राहिली.

आम्ही कुणी उठायच्या आधी ती अंथरूण गुंडाळून दिवाणाखाली सरकवायची. पाहुणी म्हणून आल्यासारखी. मी कितीदा ओरडले, "आई, झोप न जरा, कोन येऊन राह्यलं सकाळी?" ऐकायची नाही. दूधवाला यायचा, पेपरवाला यायचा, सोसायटीच्या मेंटेनन्सची पावती घेऊन कोणी यायचं. लोकांच्या येण्याजाण्याच्या वाटेत तिचं घर होतं. दिवसभर ती बाल्कनीच्या समोरच्या भिंतीला पाठ टेकून बसायची. डोक्याला मोहाच्या बियांचं तेल लावायची. तिकडून कोणी आलं की अहेरीच्या बाजारातून बाटली मागवायची. एकदा तनूच्या मैत्रिणीनं विचारलं, "आजी, तुमची रूम कुठली?" आई ऐटीत म्हणाली, "हा येवढा हॉल माहाच त हाय. तुमच्या रूममंदी टीव्ही हाय काय?" पोरी खिदळल्या. मी स्वयंपाकघरात नळ मोठा सोडला आणि तोंडावर पाणी मारलं.

तिची माफी मी सहा वर्षांत मागितली नाही. रोज वाटायचं आज बोलू. हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला खात्यातून आपोआप कटायचा, त्याचा मेसेज यायचा. त्या तारखेला तर हमखास वाटायचं. पण बोलले नाही. शेवटच्या आजारपणात एका दुपारी मी तिचे पाय चेपत होते. ती छताकडे बघत होती. म्हणाली, "नंदे, तुह्या बाबाच्या मयालाची खोली नाई झाली. आंघोळीचं पानी झालं."

माझे हात थांबले. तिला सगळं माहीत होतं. कधीपासून, ते मी विचारलं नाही.

"आई, चुकलं माहं," एवढंच तोंडातून निघालं.

"त्या वर्षी थंडी कशी होती आलापल्लीले! तुहं पानी त तापलं. काई वाया नाई गेलं." असं म्हणून तिनं पाय जरा पुढं सरकवले, चेप म्हणून. तीन आठवड्यांनी ती गेली. हॉलमधून.

आता प्रशांतचं प्रमोशन झालंय, माझाही पगार वाढलाय. तनू बारा वर्षांची झाली, तिला अभ्यासाला खोली पाहिजे. म्हणून आम्ही हा वन बीएचके विकला आणि त्याच रस्त्यावर टू बीएचके घेतला. या वेळी सगळं येत होतं. जुनं लोन फेडायला किती, बँकेकडून मूळ कागद सोडवायला किती दिवस, नव्या घराची ड्यूटी किती, ब्रोकर दोन्हीकडून घेतो तो किती. चूक करायला जागाच ठेवली नाही मी.

फोटो काढायच्या आधी ब्रोकर पोरगा घर बघायला आला. हॉलमध्ये थांबला. "मॅडम, सगळं ए वन आहे. फक्त हा डाग तेवढा काढून टाका."

बाल्कनीच्या समोरच्या भिंतीवर, बसलेल्या माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर, तेलाचा गोल डाग होता. सहा वर्षं डोकं टेकून टेकून पडलेला. पेंटर दुसऱ्याच दिवशी पुट्टीचा डबा घेऊन हजर. त्यानं त्या भिंतीला घासकागद लावायला हात उचलला आणि मी ओरडले, "हात लावू नको त्याले!" इतक्या जोरात की शेजारीण बाहेर आली. पुण्यात मी असं कधी बोलत नाही.

प्रशांत बिचारा समजुतीनं म्हणाला, "नंदा, घेणारा किंमत पाडेल गं."

"पाडू दे."

त्यांनी पाडली, साठ हजारांनी. घेणारं जोडपं लातूरकडचं, नवं लग्न झालेलं. त्या मुलीनं संकोचत विचारलं, "काकू, हा डाग कसला?" मी सांगितलं, "इथं माझी आई बसायची. घर आता तुमचं आहे, उद्या खुशाल रंगवा. मी फक्त माझ्या हातानं पुसणार नाही." पोरगी गुणाची. ती भिंतीपासून जरा बाजूला सरकून उभी राहिली.

घर सोडायच्या दिवशी मी हॉल झाडला. किल्ली देताना तिला सांगितलं, बाथरूमचा नळ उलटा फिरवून घट्ट करावा लागतो, आणि पावसात बाल्कनीचं दार फुगतं.  आलापल्लीचं घर आता गोदाम आहे, आत सिमेंटच्या गोण्या आहेत, बाबांचे आठ मयाल अजून वर आहेत म्हणे. तिकडे जाते तेव्हा मी त्या रस्त्यानं जात नाही. तुम्ही विचारता, सुनंदा, तुझं घर आता कुठलं? मला सांगता येत नाही. नव्या फ्लॅटचे मूळ कागद बँकेत आहेत, वीस वर्षं तिथंच राहतील.

सामानाचा टेम्पो पुढे गेला. मागून आम्ही रिक्षात. तनू मांडीवर तिची कुंडी धरून बसली होती, तिनं नवं घर अजून आतून पाहिलं नव्हतं. वाटेत मला कोपरानं ढोसलं आणि विचारलं, "आई, माझी खोली कोणत्या बाजूला आहे गं?"

या वेळी मी बाहेर बघितलं नाही.

"आजीची खोली पूर्वेला आहे," मी म्हटलं. "तिच्यात तू राहा."